पेटींतील कागद

विचुंब्याच्या आमच्या घरीं माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तींत सातबाऱ्याचे उतारे, वडिलांच्या वेळच्या पावत्या, आम्हां दोघां भावांचीं शाळेचीं प्रमाणपत्रें, असा सारा कागदी संसार आईनें जपून ठेविला आहे. तिला स्वतःला अक्षरओळख बेताचीच. परंतु ज्यावर शिक्का आहे तो कागद कधीं ना कधीं उपयोगीं पडतो, अशी तिची दृढ समजूत आहे. ह्या समजुतीची मीं अनेकदां थट्टा केली आहे. त्याच पेटींतील एका कागदाची हकीकत आज सांगावयाची आहे. ती सांगतांना मला थोडी लाज वाटते; कारण तींत माझाहि भाग आहे, आणि मी तुमचा शास्त्राचा शिक्षक आहें.

२०१३ च्या पावसाळ्यांत माझ्या थोरल्या बंधूंना मुलगा झाला. त्याच्या आधींची तीन वर्षांची मुलगी होती. तिला आम्ही सारे ताई म्हणतों. ताईच्या वेळीं घरांत बर्फी आली होती. मुलगा झाल्यावर आईनें साऱ्या आळींत पेढे वांटले. पहिले दोन महिने सुखाचे गेले. तिसऱ्या महिन्यांत बाळाच्या तोंडांत पांढरा थर धरूं लागला. तो औषधानें जाई आणि पुन्हां येई. मग जुलाब लागले, मग खोकला. चौथ्या महिन्याच्या अखेरीस न्युमोनिया झाला, आणि एका इस्पितळांत नऊ दिवस काढून मूल गेलें.

अशा वेळीं आमच्याकडे कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. हळू आवाजांत मात्र पुष्कळ बोलतात. कोणी म्हणालें, दृष्ट लागली. कोणी म्हणालें, वहिनींनीं बाळंतपणाचें पथ्य पाळलें नाहीं. वहिनींच्या आईचे दोन भाऊ तान्हेपणींच गेले होते. तेव्हां त्या घराण्याच्या मागें कांहीं तरी लागलें आहे, असें एका म्हाताऱ्या आजींनीं आमच्या ओटीवर बसून सांगितलें. मीं मनांत त्यांना अडाणी म्हटलें. पुढें कळलें कीं, त्या साऱ्या मंडळींत खऱ्याच्या सर्वांत जवळ त्याच होत्या. निष्कर्ष तेवढा भलताच होता.

इस्पितळांतून आलेले कागद मींच वाचले. घरांत शास्त्र शिकलेला मी एकटा. रक्ततपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींची संख्या अकरा हजार होती. मीं दादांना सांगितलें, "संसर्ग मोठा होता." त्याच्या खालच्या ओळींत, लिंफोसाइट नांवाच्या पेशींपुढें, शेंकडा चार असें छापलें होतें आणि त्यालगत एक लहानशी चांदणी होती. चांदणी म्हणजे आंकडा प्रमाणाबाहेरचा, एवढें मला ठाऊक होतें. परंतु त्या कागदावर तशा पांचसहा चांदण्या होत्या. मीं कागदाची घडी केली आणि आईच्या हातांत दिली. तिनें ती पेटींत ठेविली.

२०१६ च्या जानेवारींत दुसरा मुलगा झाला. सर्व बाळांना टोंचतात त्याप्रमाणें त्यालाहि जन्मतःच क्षयाविरुद्धची बीसीजीची लस डाव्या दंडावर टोंचली. तेथें लहानसा फोड येतो, कांहीं आठवड्यांत तो सुकतो आणि वण राहतो. तुमच्यापैकीं बहुतेकांच्या दंडावर तो असेल, आतांच पाहा. आमच्या बाळाचा फोड सुकलाच नाहीं. तो वाहूं लागला, काखेंत गांठ आली, आणि एके दिवशीं त्याच्या तोंडांत तोच पांढरा थर दिसला. वहिनी म्हणाल्या, "हें तेंच आहे." आठ दिवस त्यांचें कोणीं ऐकलें नाहीं. मींहि नाहीं.

शेवटीं पनवेलीस एका वयस्क बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे आम्ही बाळास घेऊन गेलों. त्यांनीं बाळाला तपासण्यापूर्वींच विचारलें, "ह्याच्या आधीं एखादें मूल गेलें आहे का? मुलगा कीं मुलगी? त्याचे कागद आहेत?" मी गाढी नदीचा पूल ओलांडून घरीं आलों. आईनें एका मिनिटांत घडी काढून दिली. डॉक्टरीणबाईंनीं तो जुना कागद आणि बाळाचा नवा कागद टेबलावर शेजारींशेजारीं ठेविले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मास्तर, शेंकडा चार हें प्रमाण झालें. मोजायची असते ती संख्या. अकरा हजारांचे शेंकडा चार किती?"

मीं म्हटलें, "चारशेंचाळीस."

"आणि तान्ह्या मुलाच्या एका घनमिलिमीटर रक्तांत ह्या पेशी निदान तीन हजार तरी असाव्या लागतात."

पांचवीच्या मुलानें पाटीवर करावें असें तें गणित. तें मीं तीन वर्षें केलें नव्हतें. नव्या कागदावर संख्या पांचशेंवीस होती. छातीच्या क्ष-किरणचित्रांत तान्ह्या बाळाच्या हृदयावर थायमस ग्रंथीची जी छाया दिसते, तीहि बाळाच्या चित्रांत नव्हती. डॉक्टरीणबाईंनीं त्याच दिवशीं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळास दूरध्वनि केला. बाळास भाड्याच्या मोटारींतून नेलें, कारण लोकलच्या गर्दींतील एखाद्याचा साधा खोकलाहि त्याला पुरेसा होता.

रक्ताच्या कुप्या पोंचविण्याचें काम माझ्याकडे आलें. परळ येथें केईएम रुग्णालयाच्या आवारांत राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारविज्ञानाची एक संस्था आहे. १९५७ सालीं रक्तगटांची तपासणी करणारें केंद्र म्हणून ती निघाली. आज जन्मजात प्रतिकारहीनतेच्या निदानासाठीं दूरदूरचीं रक्तें तेथें येतात. तेथील यंत्राचें काम पाहण्यासारखें आहे. रक्तांतील पेशींना निरनिराळे चमकणारे रंग लावितात आणि लेसरच्या किरणापुढून त्यांची एकेरी रांग चालवितात. कोणती पेशी कोणत्या रंगानें चमकली ह्याची यंत्र नोंद करितें, आणि कांहीं मिनिटांत हजारों पेशींची जातवार शिरगणति होते. आमच्या बाळाच्या शिरगणतींत टी पेशींच्या रकान्यांत जवळजवळ शून्य आलें.

टी पेशी म्हणजे काय, हें मी येथें जरा सविस्तर सांगतों. कारण त्यावांचून पुढील गोष्ट कळणार नाहीं.

लिंफोसाइटांचा जन्म हाडांच्या पोकळींतील मज्जेंत होतो. त्यांपैकीं कांहीं तेथेंच वाढून बी पेशी होतात. त्या प्रतिपिंडें, म्हणजे रक्तांतून हिंडणारीं रोगविरोधी द्रव्यें, तयार करितात. दुसऱ्या कांहीं बालपणींच घर सोडून छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथींत शिकावयास जातात. मराठी कोशांत तिला यौवनलोपी ग्रंथि म्हटलें आहे, कारण ती बालपणीं मोठी असते आणि तारुण्यानंतर झिजत जाते. पुष्कळ काळपर्यंत विद्वान् लोक तिला निरुपयोगी समजत. १९६१ सालीं लंडन येथें जॅक मिलर ह्यांनीं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती ग्रंथि काढून पाहिली. ते उंदीर साध्या रोगांस बळी पडूं लागले, आणि परक्या उंदराच्या कातडीचें ठिगळ लावलें तरी त्यांचें शरीर निमूटपणें तें स्वीकारूं लागलें. आपलें कोण आणि परकें कोण हें ओळखणाऱ्या पेशी तेथें घडतात, हें त्यावरून कळलें. थायमसच्या इंग्रजी आद्याक्षरावरून त्यांना टी पेशी म्हणतात.

त्या शाळेंत दोन परीक्षा होतात. आपल्या शरीरांतील पेशी अंगावर एक प्रकारची ओळखीची खूण बाळगतात. ती वाचतां आली पाहिजे, ही पहिली परीक्षा. ती खूण वाचून स्वकीयांवरच हात उगारतां कामा नये, ही दुसरी. दोन्हींत उतरलेले विद्यार्थी शंभरांत दोनचारच निघतात, बाकीचे तेथेंच मरतात. आपल्या शाळेच्या निकालावर नाराज असलेल्या पालकांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

उत्तीर्ण झालेल्यांचीं कामें निरनिराळीं. साहाय्यक टी पेशी स्वतः कोणास मारीत नाहींत. दरोडा पडला असतां शंख फुंकून आळी जागी करणारा आणि कोणीं कोठें धांवावें हें सांगणारा जो असतो, तें त्यांचें काम. त्यांचा इशारा मिळाल्यावांचून बी पेशींनाहि चांगलीं प्रतिपिंडें करतां येत नाहींत. मारक टी पेशी ज्या पेशींत विषाणु दडला असेल ती शरीराचीच पेशी हुडकून तिचा अंत करितात. वणवा पसरूं नये म्हणून आपलेंच एक छप्पर उतरवावें तसा हा प्रकार. कांहीं पेशी शत्रूची आठवण वर्षानुवर्षें जपतात, म्हणून लस एकदां टोंचली कीं पुष्कळ काळ पुरते. आणि नियामक टी पेशी मारणाऱ्यांचा हात धरतात. दुसऱ्या परीक्षेंतून चुकून सुटलेला एखादा वात्रट स्वकीयांवर धांवला तर त्याला ह्या आवरतात. शिमोन साकागुची ह्यांनीं १९९५ सालीं त्या ओळखून दाखविल्या. त्या घडविणाऱ्या जनुकांत बिघाड असलेलीं मुलेंहि जन्मतात. त्यांच्या टी पेशी त्यांच्याच आंतड्यांवर आणि स्वादुपिंडावर तुटून पडतात, आणि तान्हेपणींच मधुमेह होतो. तो बिघाड २००१ सालीं सांपडला. ह्या सर्व कामासाठीं साकागुची, मेरी ब्रंकाउ व फ्रेड रॅम्सडेल ह्यांना २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सैन्य नसणें जसें घातक, तसें सैन्यास आवरणारा नसणें हेंहि घातक. मला स्वतःला ह्या पेशींचें कौतुक अधिक वाटतें.

आमच्या बाळाच्या अंगीं बिघाड मुळांतच होता. पेशींना एकमेकींचे निरोप ऐकण्यासाठीं जणूं कान असतात. त्या कानाचा एक तुकडा अनेक निरोपांना सामाईक आहे, आणि तो घडविणारें जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तें बिघडलें म्हणजे थायमसमध्यें वाढत्या पेशीला मिळणारा 'वाढ' हा निरोपच ऐकूं येत नाहीं, आणि टी पेशी तयार होत नाहींत. बी पेशी होतात. बाळाच्या रक्तांतहि त्या होत्या. परंतु शंख फुंकणारा नाहीं म्हणून त्या स्वस्थ बसून राहतात. ह्या रोगास तीव्र संयुक्त प्रतिकारहीनता म्हणतात, आणि त्याचें हें जनुक १९९३ सालीं ओळखलें गेलें. बीसीजींत क्षयाच्या जातीचे, पण निर्बळ केलेले, जिवंत जंतु असतात. निरोगी बाळाला ते तालमीपुरते असतात. आमच्या बाळाला तेच भारी झाले.

बिघाड एक्स गुणसूत्रावर आहे ह्याचा अर्थ इस्पितळांतील डॉक्टरांनीं कागदावर रेघा काढून आम्हांस समजाविला. मुलाला एक्स एकच, आणि तो आईकडून येतो. आईला दोन असतात. एक बिघडला तरी दुसरा काम चालवितो, म्हणून ती स्वतः निरोगी राहते. तिच्या प्रत्येक मुलग्याला हा रोग होण्याची शक्यता निम्मी. वहिनींच्या रक्तांत तो बिघाड सांपडला, तेव्हां त्यांचे तान्हेपणीं गेलेले दोन मामा कशानें गेले असावेत ह्याचाहि अंदाज आला. मी ही सर्व माहिती मोठ्या उत्साहानें घरीं येऊन आईस सांगितली. तिनें ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे हिच्या माहेराकडूनच आलं ना? मी तेव्हांच म्हणत होतें."

मी गप्पच झालों. इतके दिवस आळींतील कुजबुजीस आधार नव्हता. तो मीं शास्त्राच्या नांवानें मिळवून दिला होता.

पुढच्या वेळीं मी आईला बरोबर घेऊन गेलों. डॉक्टर तरुण होते, पण माणसें ओळखणारे होते. ते आईला म्हणाले, "आजी, असे बिघाड तुमच्या अंगांत आहेत, माझ्याहि आहेत. जोडीचं जनुक धड असतं म्हणून ते झांकलेले राहतात. सुनेनं हा बिघाड निवडला नाही. तुम्ही तुमच्या डोळ्यांचा रंग निवडला होता का?" आई कांहीं बोलली नाहीं. त्या दिवशीं दादा बाळापाशीं राहिले, आणि वहिनी चार दिवसांनीं प्रथमच घरीं यावयास निघाल्या. कुर्ल्यास गाडी बदलून आम्ही पनवेलच्या लोकलमध्यें बसलों. मानखुर्द गेलें, खाडीचा पूल आला, तरी तिघेंहि गप्प होतों. मग आईनें वहिनींना विचारलें, "तुझ्या त्या दोन मामांची नांवं काय होती गं?"

वहिनी म्हणाल्या, "एकाचं ठेवलं होतं. दुसऱ्याचं ठेवायचं राहिलं."

त्यानंतर आमच्या घरांत माहेराचा विषय निघाला नाहीं.

ह्या रोगावर खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्याची निरोगी अस्थिमज्जा. १९६८ सालीं अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें रॉबर्ट गुड ह्यांनीं अशाच एका बाळाला त्याच्या बहिणीची मज्जा देऊन प्रथम वांचविलें. खुणा जुळणारा दाता मिळेपर्यंत काय करावें ह्याचें एक दुःखद उदाहरण त्याच देशांत झालें. डेव्हिड व्हेटर नांवाचा मुलगा १९७१ सालीं जन्मला, आणि जंतु शिरूं नयेत म्हणून प्लास्टिकच्या बंद खोलींत बारा वर्षें राहिला. आईचा हात त्याला हातमोज्यांतूनच लागे. १९८३ सालीं त्याला बहिणीची मज्जा दिली. परंतु तिच्यांत एक विषाणु लपून होता, आणि १९८४ च्या फेब्रुवारींत तो वारला. तेव्हांपासून दात्याचें रक्त फार कसून तपासतात.

सख्ख्या भावंडांच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. आमच्याकडे भावंड एकच होतें. ताई तेव्हां सहा वर्षांची, पहिलींत होती. तिच्या खुणा जुळल्या. तें कळलें त्या दिवशीं आईनें ताईच्या नांवानें आळींत पेढे वांटले. दादांनीं नदीकांठचें एक भातखाचर विकलें. आमच्या बाजूस आतां इमारती उठत आहेत, म्हणून जमिनीला भाव आला. ज्यांच्यापाशीं विकावयास खाचर नाहीं त्यांनीं काय करावें, ह्याचें उत्तर मला त्या वेळीं सुचलें नाहीं आणि अजूनहि सुचलेलें नाहीं.

जुलै महिन्यांत, बाळ सहा महिन्यांचें असतांना, ताईला भूल देऊन तिच्या कमरेच्या हाडांतून मज्जा काढली आणि ती साध्या रक्ताप्रमाणें बाळाच्या शिरेंत सोडली. एवढ्या मोठ्या गोष्टीला कांहीं तास पुरले. मग महिने वाट पाहण्याचे. आरंभीं ताईच्या तयार टी पेशी कामास लागल्या, आणि दंडावरील जखम बरी होण्याऐवजीं अधिकच लाल झाली. शत्रु प्रथमच कोणीतरी ओळखला होता. कांहीं महिन्यांनीं बाळाच्या स्वतःच्या थायमसमध्यें शिकून आलेल्या नव्या पेशी रक्तांत दिसूं लागल्या. त्या मज्जेनें ताईच्या, शाळेनें त्याच्या. तो आतां चौथींत आहे. त्याच्या बी पेशी अजून पुरें काम करीत नाहींत, म्हणून दर महिन्यास त्याला दुसऱ्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडें शिरेंतून द्यावीं लागतात. त्या दिवशीं शाळा बुडते म्हणून तो खूष असतो.

पालकांसाठीं दोन शब्द. ही हकीकत वाचून कोणीं बीसीजीस भिऊं नये. हा रोग विरळा आहे, आणि तान्ह्या मुलांना क्षयाच्या घोर प्रकारांपासून ती लस वांचविते. मात्र ज्या घरांत तान्हें मूल संसर्गानें गेलें आहे, तेथें पुढील बाळाला कोणतीहि जिवंत लस देण्यापूर्वीं डॉक्टरांस तें सांगावें. बाळाच्या टांचेतील रक्ताच्या थेंबावरून टी पेशींची उणीव ओळखण्याची तपासणी अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यानें २००८ सालीं सर्व नवजात बालकांसाठीं सुरू केली. आपल्याकडे ती सर्वांसाठीं नाहीं. तोंवर रक्ताचा साधा कागदच आहे, आणि त्यावरील एक गुणाकार.

मागील महिन्यांत ताई माझ्याकडे आली. ती आतां पंधरा वर्षांची आहे. गुणसूत्रांचा धडा तिच्या वर्गांत नुकताच झाला होता. म्हणाली, "काका, आईचे दोन एक्स. त्यांतला कोणता माझ्याकडे आला?"

मीं सांगितलें कीं तें ठाऊक नाहीं. शक्यता निम्मी आहे. तिच्या स्वतःच्या प्रकृतीस त्यापासून भय नाहीं, म्हणून डॉक्टरांनीं ही तपासणी मुद्दाम केलेली नाहीं. ती मोठी झाल्यावर करावी कीं न करावी हें तिनेंच ठरवावयाचें. तिनें तो पेटींतील जुना कागद मागितला. मीं काढून दिला. तिनें तो बराच वेळ पाहिला, चांदणीवर बोट ठेविलें, आणि परत देतांना म्हणाली, "अठरा वर्षांची झालें कीं मी जाणार. तुम्ही बरोबर या. पण कागद मी वाचणार."